डोळ्यांनी पाहिलं म्हणू नका

आमच्या सरांसमोर ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ असं म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलं की संपलंच. हातातला कप खाली ठेवून सर विचारायचे, “डोळ्यांनी? नक्की? डोळ्यांना काय पाहता येतं हो?” मग समोरचा माणूस ड्यूटीवर निघालेला असो नाहीतर दळण घेऊन चाललेला असो, त्याची सकाळ गेली म्हणून समजायचं.

एकदा गल्लीतल्या नळावर दोघींचं जुंपलं. एक म्हणे, हिनं माझा हंडा मागे सरकवला. दुसरी म्हणे, मी हातसुद्धा लावला नाही. पहिली म्हणाली, “मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं!” झालं. सर बनियनवर खाली उतरले.

“बाई, हंडा सरकवला तेव्हा यांच्या अंगावर साडी कोणती होती?”

“निळी.” ती ठासून म्हणाली.

दुसरी तिच्या पाठीमागेच उभी होती. हिरव्या साडीत. सकाळपासून तीच.

“बघा,” सर म्हणाले, “तुमच्या मेंदूला हंडा पाहिजे होता, साडी नको होती. म्हणून साडी त्यानं मनानंच रंगवली. डोळा बिचारा नुसता उजेड आत सोडतो. पाहतो तो मेंदू. आणि मेंदू थापा मारतो.”

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग दोघी मिळून सरांवर घसरल्या, “तुम्ही शाळेत शिकवा हो! नळावर नको!” भांडण मिटलं ते असं. सर मात्र जिना चढताना खुशीत होते.

सर देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. लॅम रोडवरून आत वळलं की त्यांचं दुमजली घर, आणि खालच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. मी लग्न होऊन इगतपुरीकडून आलेले, सातवीपर्यंत शिकलेले. आमचे मिस्टर अंबडला कारखान्यात. पुढे आम्ही शेजारीच आमचं छोटं घर बांधलं, पण मधल्या भिंतीतून एक दार काढून घेतलं होतं, त्यामुळे वेगळं झाल्यासारखं कधी वाटलंच नाही. मला जे काही चार शब्द वाचता-लिहिता येतात ते सरांच्या कपाटातल्या पुस्तकांमुळे. सर मला ‘वहिनी’ म्हणायचे. त्यांच्या मंडळींना सगळी गल्ली आक्का म्हणायची, कारण त्यांची धाकटी बहीण पिंपळगाव बसवंतहून आली की कोपऱ्यावरूनच “आक्काऽऽ” अशी हाळी द्यायची.

सरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडूचे तुकडे असायचे, आणि धुणं धुताना आक्का बडबडायच्या, “लोकांचे नवरे खिशात चॉकलेट विसरतात, आमच्यांच्या खिशातून फळा निघतो.”

नवी असताना एका दुपारी आक्कांनी मला वर बोलावलं. म्हणाल्या, “चल, आमच्या यांचा तमाशा बघ.” सरांनी रस्त्याकडच्या खिडकीला पत्रा ठोकला होता आणि त्या पत्र्याला खिळ्यानं एक भोक पाडलं होतं. खोलीत मिट्ट काळोख. डोळे सरावले आणि समोरच्या भिंतीवर मला रस्ता दिसायला लागला. पण उलटा! छताकडच्या बाजूला जमीन, खाली आभाळ. शेजारच्यांची धुणी वरच्या दिशेनं लोंबत होती. एक म्हैस छताला पाय लावून चालली होती. आणि तेवढ्यात डोकं खाली, पाय वर असे आमचे मिस्टर पहिल्या पाळीवरून परतताना दिसले. मी नवी नवरी. मला इतकं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

“हसू नका वहिनी,” सर अंधारातून म्हणाले. “तुमच्या डोळ्यातसुद्धा मिस्टर असेच उलटे उतरतात. मेंदू सरळ करून घेतो म्हणून संसार चाललाय.”

“आमचा नाही झाला बाई अजून सरळ,” आक्का म्हणाल्या.

दुसरा खेळ होता ठिपक्याचा. सरांच्या बैठकीच्या भिंती पिवळ्याधमक. तिथे निळ्या खडूनं एक फुली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक ठिपका काढलेला असायचा. येईल त्याला सर भिंतीसमोर उभं करायचे. एक डोळा झाका, फुलीकडेच बघा, आणि हळूहळू पुढे चला. चालता चालता एका जागी तो ठिपका गायब व्हायचा. गायब म्हणजे खरोखर गायब.

“गेला!” मी ओरडले होते.

“मग तिथे आता काय दिसतंय?”

“पिवळी भिंत.”

“तिथली भिंत तुम्हाला दिसत नाहीये, वहिनी. डोळ्याच्या पडद्यावर एक जागा आंधळी असते. तिथून मेंदूकडे काहीच जात नाही. पण मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही. तो आजूबाजूचा रंग घेतो आणि भोक भरून टाकतो. इतकं बेमालूम, की आपल्याला जन्मभर पत्ता लागत नाही.”

मी मग घरी जाऊन पोळ्या लाटताना एक डोळा झाकून पोळपाटावरचा मिठाचा खडा गायब करून बघत बसले. पोळी करपली. आमचे मिस्टर म्हणाले, “सरांच्या घरी जाणं कमी कर.”

पण मला सांगायचंय ते उलट्या चष्म्याचं. जुन्या बाजारातून सरांनी मोडकी दुर्बीण आणली होती. तिच्या आतले काचेचे लोलक काढून, पुठ्ठ्यात बसवून त्यांनी एक चष्मा केला. तो घातला की सगळं जग उलटं. सुट्टीचे दिवस होते. सर म्हणाले, हा काढायचा नाही, बघू मेंदू किती दिवसांत वळणावर येतो. पहिल्या दिवशी चहाचा कप घ्यायला गेले तर हात थेट ट्यूबलाइटकडे. पायरी उतरायला म्हणून पाय उचलायचे आणि अंगणात बसकण मारायचे. शेवटी आक्कांनी त्यांचा हात धरला आणि तसंच त्यांना बाजारात नेलं. गल्ली नुसती लोटली बघायला. तेव्हा नवरा-बायकोनं हातात हात घालून रस्त्यानं चालणं म्हणजे गंमत होती का? कोणीतरी शिट्टी वाजवली.

आक्का लाजल्या नाहीत. माझ्या दारापाशी आल्यावर म्हणाल्या, “बघून घे गं. लग्नात धरलेला, त्यानंतर आज धरलाय हात. तोही पडू नये म्हणून.”

आक्कांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी पिंपळगावला विहिरीच्या रहाटात सापडली होती, ती कधी सरळ झालीच नाही. सर म्हणायचे, “मला या करंगळीवरून रस्ता कळतो. हलकी टोचली की डावीकडे, घट्ट रुतली की थांबा.” असे काही दिवस गेले आणि एका सकाळी सर अंगणात एकटे चालत आले, चष्मा तसाच डोळ्यांवर. बादली ओलांडली, तुळशीला वळसा घातला, आणि ओरडले, “आलं! सरळ व्हायला लागलं!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्का मात्र उंबऱ्यात हात पुसत उभ्या होत्या. म्हणाल्या, “झालं का? मग आता भाजी तुम्हीच आणत जा.”

हे सगळं हसण्यावारी नेण्याचे दिवस होते.

आता अलीकडचं सांगते. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आमचे मिस्टर गेले, माझी नातवंडं मोठी झाली. एका सकाळी सर दाढी करता करता खाली बसले. रिक्षातून दवाखान्यात नेलं. मेंदूत मागच्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. आम्ही म्हटलं, सुटलो बाई.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं, आणि समोरच्या आरशातल्या म्हाताऱ्याला बघून सर बाजूला झाले. “आधी तुम्ही या,” म्हणाले. आम्हाला वाटलं चेष्टा करतात.

चेष्टा नव्हती. सरांना चेहरे कळेनासे झाले होते. मला त्यांनीच नंतर समजावून सांगितलं, तेही शिकवल्यासारखं. “वहिनी, तुमचं नाक दिसतं. चष्मा दिसतो. कपाळावरची आठी दिसते. डोळ्यांत काही बिघाड नाही. पण हे सगळं मिळून वहिनी होत नाही. चेहरा जुळवणारी मेंदूची एक वेगळी जागा असते. माझी तेवढीच बुजली.” मग हसले. “तुमच्या नातीच्या मोबाईलला सुद्धा चेहरा ओळखता येतो. तो डबा माझ्यापुढे गेला.”

मला ते ओळखायचे चपलेवरून. “या वहिनी, तुमची डावी चप्पल रडतेय, शिवून घ्या.” गल्लीतल्या एकेकाचा खोकला, बांगड्या, गाडीचा आवाज त्यांनी पाठ करून टाकला. कॅम्पाकडून तोफांच्या सरावाचा धडधडाट सुरू झाला की मात्र वैतागायचे. म्हणायचे, “एवढ्या आवाजात मला सगळी माणसं सारखीच.” जुने विद्यार्थी भेटायला येत, तर आधी त्यांना बोलू द्यायचे, मग नावानं हाक मारायचे. कोणाला कळू द्यायचं नाही अशी आक्कांना आणि मला त्यांनी ताकीदच दिली होती. “लोक म्हणतील, सर चढले, ओळख देत नाहीत. नाहीतर म्हणतील, सरांचं डोकं गेलं. मला दोन्ही नको.”

पण त्यांना खरी भीती होती ती वेगळीच. भाजीबाजारात एकदा आक्का आणि मी टोमॅटो निवडत होतो आणि सर जरा पुढे गेले. परत फिरले आणि भलत्याच बाईच्या पिशवीत मेथीची जुडी टाकून तिच्यामागून चालायला लागले. ती बाई ओरडली, “ओ काका, काय लावलंय? कोण तुम्ही?” माणसं जमली. आक्का धावत गेल्या. “अहो, इकडे! मी इकडे!” सरांनी आवाजाकडे मान वळवली, तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. गर्दीत हात सुटलेल्या लेकराचा असतो ना, तसा.

त्या दिवशी संध्याकाळी सर जिन्यात बसून मला म्हणाले, “वहिनी, जग कोणी का असेना. पण ही जर समोर उभी असून मला सापडली नाही, तर?”

दुसऱ्या दिवशी आक्का मला घेऊन दुकानात गेल्या आणि पिवळ्या साड्या काढायला सांगितल्या. दुकानदारानं लिंबोणी, हळदी, आंबा सगळं पसरलं. आक्कांनी हळदीवर बोट ठेवलं. “अशाच सगळ्या.”

“आक्का, एखादी मोरपिशी दाखवू? या वयात सगळ्या पिवळ्याच?”

“माझं वय बघू नकोस, साडी बघ.”

तेव्हापासून त्या रोज पिवळ्या. सकाळी, संध्याकाळी, लग्नाला, दवाखान्यात. पिवळीच का, तर गल्लीत रोज तो रंग कोणी नेसत नाही, आणि लांबून तोच सरांना आधी टिपता येतो. गल्लीला वाटलं आक्कांनी गुरुवारचं काहीतरी व्रत धरलं. एकीनं विचारलंसुद्धा, “आक्का, उद्यापन कधी? आम्हाला सांगा हो.” आक्का म्हणाल्या, “उद्यापन नसतंय या व्रताला.” मग बायका आदरानं वागायला लागल्या. एक तर पाया पडून गेली. आक्का मागच्या दारी येऊन माझ्याजवळ इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला.

“मला एक सांग,” म्हणाल्या, “इतकी वर्षं मी यांच्यासमोर नटले नाही, आणि आता नटते ती चेहरा सोडून.”

पण चाललं हो त्यांचं. सर गॅलरीत उभे राहायचे आणि वळणावर पिवळं दिसलं की आत जाऊन चहाचं आधण ठेवायचे. मी खालून बघायची. त्या वयात असं कोणी कोणाची वाट बघताना मी पाहिलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आक्कांच्या छातीत दुखायला लागलं. मी आणि सरांचा पुतण्या त्यांना घेऊन गेलो. सरांना घरीच ठेवलं. दवाखान्याची गर्दी, सगळे पांढऱ्या कपड्यातले, ते तिथे हरवले असते. आक्का गाडीत बसताना म्हणाल्या, “अहो, येते हं.” सर म्हणाले, “तीच साडी नेसून ये.”

त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं त्यांना आणलं ते तसं आणलं.

सरांना मी सांगितलं. वर, त्यांच्या खोलीत. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि खडूचा तुकडा बोटांत फिरवत बसून राहिले. मी त्यांच्यापाशीच थांबले. खाली बायकांनी आक्कांना न्हाऊ घातलं. नवरा मागे असताना गेली, भाग्याची म्हणून रीतीप्रमाणे सगळं केलं. हिरवी कोरी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू, गळ्यात हार. मायेनं केलं सगळ्यांनी. त्यांना कोणाला काय माहीत होतं.

पुतण्या वर आला. “काका, चला. तोंड बघून घ्या.”

मी सरांना धरून खाली आणलं. बैठक माणसांनी भरलेली. सरांनी दारातून नजर फिरवली, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. माझा हात सोडून ते सरळ कोपऱ्याकडे गेले. तिथे भिंतीला टेकून एक बाई बसली होती, पिवळ्या साडीत, पदर तोंडात धरून. सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच, रागावल्यासारखं म्हणाले, “अगं, तू इथे बसलीयेस होय! मला वर वहिनी काय काय सांगतायत. ऊठ. ही माणसं कशाला जमलीत?”

ती आक्कांची बहीण होती. पिंपळगावहून अंगावरच्या साडीनिशी तशीच निघून आलेली. ती साडी आक्कांनीच तिला दिवाळीत दिली होती, आपल्यातली एक.

ती नुसती हुंदके दाबत राहिली. सरांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तेव्हा ती रडत ओरडली, “दाजी, मी हाय हो! मी धाकली! आक्का नाय, दाजी, आक्का नाय!”

आवाज ऐकला आणि सरांचा हात हवेतच थांबला. ते उठले. खोलीभर बघायला लागले. एकेका तोंडाकडे. इतकी तोंडं, सगळी त्यांच्याकडेच लागलेली, आणि त्यातलं एकही त्यांचं नाही.

“मग ती कुठाय?” सरांनी विचारलं.

पुतण्यानं त्यांना धरून मधोमध आणलं. सरांनी खाली पाहिलं. हिरवी साडी, हार, कुंकवानं भरलेलं कपाळ. त्यांनी पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग दोन्ही हात जोडले. कोणी परक्या घरची वडीलधारी बाई गेली तर आपण करतो ना, तसा नमस्कार केला. आणि अदबीनं एक पाऊल मागे सरकले.

कोणीतरी मागे पुटपुटलं, “सरांचं डोकं फिरलं गं.”

मला ते सहन झालं नाही. मी पुढे गेले, त्यांच्या कानाशी म्हणाले, “सर, डोळे मिटा.”

“काय?”

“मिटा म्हणते ना. बसा खाली, आणि मिटा.”

इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच हुकूम केला असेल. त्यांनी ऐकला. खाली बसले, डोळे मिटले. मी आक्कांचा उजवा हात साडीखालून काढला, त्या नव्या बांगड्या वर सारल्या, आणि तो हात सरांच्या हातात दिला. गार पडला होता. सरांची बोटं आधी तळव्यावरून गेली, मग एकेका बोटावरून, आणि करंगळीपाशी आली. वाकड्या पेरावर अंगठा थांबला.

“हां,” सर म्हणाले.

बस, एवढंच. नंतर कितीतरी वेळ त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. ओठ हलत होते, शब्द मला ऐकू आले नाहीत, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मध्ये एकदा त्यांनी डोळे किलकिले केले, समोर पाहिलं, आणि घाबरून पुन्हा घट्ट मिटले.

उचलायची वेळ झाली. पुतण्यानं हळूच त्यांची बोटं सोडवली. सर उभे राहिले, एक हात तसाच पुढे, बाजारात आक्का त्यांना घेऊन जायच्या तेव्हा असायचा तेवढ्याच उंचीवर. पुतण्यानं तो हात आपल्या हातात घेतला. पायरी आली, उंबरा आला, तुळशीला वळसा आला. सर कुठे अडखळले नाहीत. वळणापर्यंत मी बघत उभी होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“बघवलं नाही हो बिचाऱ्यांना,” शेजारीण डोळे पुसत म्हणाली. “शेवटचं म्हणूनसुद्धा डोळे उघडले नाहीत.”

मी आत वळले. सरांनी कोणाला सांगू नका म्हटलं होतं. उघडले असते, तर त्यांना आक्का दिसल्या नसत्या.